गुंताबाईची शीव

गिरधरनानांच्या केळीबागेत वाघ आला तो नानांनीच आणला, असं गुंताबाईचं ठाम मत होतं. हे मत ती नानांच्या तोंडावर सांगायची, त्यांच्या बायकोसमोर सांगायची आणि केळी कापायला आलेल्या टोळीला पाणी पाजता पाजताही सांगायची. खरं सांगायचं तर नानांनाही ते पटलं होतं. फक्त कबूल करायला त्यांना एक वर्ष आणि दोन महिने लागले.

नाना म्हणजे मोहखेड्याचे गिरधर पाटील. रावेर तालुक्यात, सातपुड्याच्या पार पायथ्याशी त्यांची नऊ एकर जमीन. वडिलांच्या काळी तिथे पावसाच्या भरवशावर ज्वारी आणि कापूस व्हायचा. शेत जिथे संपे तिथे एक नाला होता आणि नाल्याच्या पलीकडे साग, अंजन, मोह असं रान चढत चढत डोंगरापर्यंत जायचं. नानांनी ट्यूबवेल घेतली, पाणी लागलं, आणि मग त्यांची केळी जी वर सरकत निघाली ती थेट नाल्याच्या ओठावर जाऊन थांबली. शेवटची ओळ लावली त्या दिवशी नाना मिशीला पीळ देऊन बायकोला म्हणाले होते, "आता माह्या केळीची पानं सातपुड्याले लागता."

त्यात डोंगराचीही काही तक्रार असू शकेल हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. बागाईतदाराच्या डोक्यात पाणी, खत आणि वारा याशिवाय फार काही येत नसतं.

गुंताबाई त्यांच्याकडे ऐंशी सालच्या आखाजीला आली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे सालदारांचं वर्ष संपतं आणि नवं सुरू होतं. सालदार म्हणजे वर्षभराच्या बोलीने शेतावर राहून राबणारा माणूस. चोपड्याकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरचा बिजला पावरा नानांचं साल करायला आला आणि त्याच्यामागून डोक्यावर गाडगं-मडकं, हाताशी दहा वर्षांची लेक आणि पाठीमागे दोन शेळ्या घेऊन त्याची ही बायको. नाना तेव्हा फक्त बिजलाशी बोलले. बोलणी संपल्यावर बाईने विचारलं, "तुन्ही शीव कोठे शे?" तिच्या बोलीत अहो-जाहो काही नव्हतं. पाटील असो, तलाठी असो, सगळ्यांना एकच तू.

नानांनी नाल्याकडे बोट दाखवलं. नवराबायको सरळ तिकडे गेली. बिजलाने खड्डा खणला, गुंताबाईने नाल्यातून दोन उभट दगड निवडून आणले, ते डोंगराकडे तोंड करून रोवले आणि त्यांना शेंदूर फासला. हा त्यांचा वाघदेव. त्याच्यापुढे नारळ फुटला, मोहाच्या दारूचे चार थेंब पडले आणि एक कोंबडंही गेलं. नानांचं घर माळकरी. त्यांनी कोंबड्याच्या वेळेला तोंड फिरवलं, पण नारळाचा तुकडा मात्र खाल्ला.

चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात बिजला काविळीने गेला. नानांना वाटलं, बाई आता लेकीला घेऊन वर पाड्यावर जाईल. त्यांनी दुसरा सालदार बघून ठेवला. आखाजीच्या दिवशी तो माणूस ओट्यावर बसलेला असताना गुंताबाई आली आणि म्हणाली, "साल मी करसू."

"बाईमानूस साल करते का कुठी?" नाना म्हणाले.

"बिजला साल करे तवय तुले काय वाटे, काम बिजला करे?"

आत चुलीपाशी बसलेल्या इंदिराबाई, म्हणजे नानांच्या मंडळी, इतक्या मोठ्याने हसल्या की ओट्यावरचा माणूस आपणहून उठला. नाना बायकोला घाबरत नसत, पण ती हसली की त्यांचा निर्णय बदलत असे. पंचक्रोशीत बाई सालदार तोवर कुणी पाहिली नव्हती.

आणि बाई तरी कशी! बारं धरताना, म्हणजे पाटाचं पाणी फावड्याने एकेका ओळीत वळवताना, ती या टोकाला उभी राहून नुसत्या आवाजावरून सांगायची की पाणी त्या टोकाला पोचलं. घडाच्या केळ्यांवरून बोट फिरवून, शिरा किती गोल झाल्यात ते बघून, कोणता घड आज जाईल आणि कोणता चार दिवसांनी, ते ठरवायची आणि तयार घडाला चुन्याचं बोट लावून ठेवायची. कापणाऱ्या टोळीचा मुकादम झुलाल हा तालुक्यातला नावाजलेला माणूस, कुणाचं ऐकणारा नव्हे. पण गुंताबाईचा चुना नसलेल्या घडाला तोसुद्धा हात लावत नसे.

तिची एक खोड होती. बागेत शिरली की ती मोठमोठ्याने बोलत चालायची. केळीशी, शेळ्यांशी, पाण्याशी, कुणाशीही. रस्त्याने जाणारे हसायचे. नानांनी एकदा विचारलं, "गुंताबाई, कोनाशी बोलते व इतलं?"

"रानमा चोरनागत जावानं नही," ती म्हणाली. "आपला आवाज पहिले जावाले पाहिजे, मंग आपण."

"हे रान हाये का? ही बाग हाये माही."

यावर ती नुसती हसली.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात वादळ आलं. केळीला वादळाइतका वैरी नाही. शेजारपाजारच्या बागा एका तासात आडव्या झाल्या. नानांचे चुलतभाऊ अभिमन पाटील यांची बांधाला बांध लागून असलेली बाग भुईसपाट झाली. नानांची मात्र उभी राहिली. कुणी म्हणालं, डोंगराची आड होती. कुणी म्हणालं, कडेच्या शेवरीने वारा अडवला. नानांनी मनाशी पक्कं धरलं की हे वाघदेवाचं काम. आणि तिथून सगळं बिघडलं, कारण नानांना देवाचे उपकार फेडायची हुक्की आली.

पुढच्या होळीला गुंताबाई भोंगऱ्यासाठी, म्हणजे डोंगरातल्या होळीच्या बाजारासाठी, माहेरी पाड्यावर गेली होती. त्या आठ दिवसांत नानांनी विहिरीजवळ, बागेच्या अगदी मधोमध, कडुनिंबाखाली सिमेंटचा ओटा बांधला, वर पांढरी फरशी बसवली, नाल्याकाठचे दोन दगड उपटून आणले आणि पूर्वेकडे तोंड करून ओट्यावर बसवले. भटजी आले. वरणबट्टी आणि वांग्याच्या भाजीच्या पंगती उठल्या. नानांना त्या दिवशी इतकं बरं वाटलं की ते दोन वेळा जेवले.

गुंताबाई परत आली ती आधी नाल्याकडे गेली. तिथे खड्डा. मग विहिरीवर आली. ओटा पाहिला, फरशी पाहिली, आणि मटकन खाली बसली.

"देव कोनी हालाडा?"

"मी हालवला," नाना छाती फुगवून म्हणाले. "उन्हापान्यात उभा होता बिचारा. त्याले घर देलं मी."

"त्याले घर नको व्हतं, नाना. तो शीववर उभा व्हता. तठून इकडे आपलं, तठून तिकडे त्यानं. आते शीव कोठे शे? आठे, इहिरीजोडे. मंग वाघ कोठलोंग ई? इहिरीलोंग ई."

नाना हसले. दगड हलवल्याने वाघ येत असता तर जळगावच्या मूर्तिकारांच्या दारात वाघांची रीघ लागली असती, असं काहीतरी ते म्हणाले. तिने देव परत नेऊन ठेवायला सांगितलं. नाना म्हणाले, ते होणार नाही, पाच गावची मंडळी जेवून गेली, आता लोक काय म्हणतील? गुंताबाईने वाद घातला नाही. पण त्या फरशीवरच्या देवाला तिने एकदाही हात जोडले नाहीत. ती रोज सकाळी नाल्यावर जायची आणि त्या रिकाम्या खड्ड्याला नमस्कार करायची. नानांना ते दिसायचं आणि ते दुसरीकडे बघायचे.

वर्ष सरलं. एकोणनव्वदचा चैत्रच असा तापला की सातपुडा नुसता तपकिरी दिसत होता. डोंगरातले झरे आटले, सागाची पानं गळाली, सावली म्हणून कुठे उरली नाही. आणि नाल्याच्या अलीकडे केळीच केळी. हिरवीगार, ओली, भरदुपारी आत शिरलं तर अंगावर काटा यावा अशी गार. बाजारात बोलणी ऐकू येत होती की यावलकडे कुणाच्या बागेत बिबट्या दिसला, चोपड्याकडे उसात दिसला. आमच्याकडे लहान असो मोठा असो, पट्ट्यांचा असो ठिपक्यांचा असो, सगळ्याला वाघच म्हणतात. आजवर वाघ म्हणजे वर पालच्या घाटातली गोष्ट. केळीत वाघ, हे ऐकून लोक चहा सांडेपर्यंत हसले.

मग शेतावरचा कुत्रा नाहीसा झाला. पाटाच्या ओल्या चिखलात वाटीएवढा ठसा उमटला. अभिमन म्हणाले, तरस असेल. गुंताबाई ठशाशेजारी उकिडवी बसली, बोटं न लावता त्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तरसनं नख दिसस. हाई नख लपाडस. बाई शे. आनि पोटुशी शे."

आखाजी सहा दिवसांवर असताना झुलाल मुकादम घड बघायला पिलबागेत शिरला. पिलबाग म्हणजे पहिल्या केळीच्या बुडातून आलेल्या दुसऱ्या पिकाची बाग. ती सगळ्यांत दाट असते, खाली वाळल्या पानांचा गुडघाभर थर असतो. झुलाल आत गेला तो चालत, बाहेर आला तो धावत, आणि त्याचं डोक्यावरचं उपरणं मागेच राहिलं. पानांच्या ढिगात दोन पिल्लं होती. धड डोळेही न उघडलेली.

आता अडचण अशी की त्याच पिलबागेतला माल तयार होता. आखाजीच्या आदल्या दिवशी निंभोरा स्टेशनवर केळीची वॅगन लागणार होती. घड त्या दिवशी कापला नाही तर झाडावर पिकून फुकट. पण टोळीतला एक माणूस आत पाऊल टाकायला तयार नव्हता, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

अभिमन बांधावरून आले. नानांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "एक मेलेली बकरी, त्यात फवारनीचं औषध. नाल्यात ठेवून देतो, तिच्या वाटेवर. पान्यावर येईन, खाईन, खल्लास. कोनाले कानोकान खबर नाही."

नाना गोंधळलेले होते. घाबरलेले होते. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "बघ बुवा तूच."

तीन शब्द. बोलायला काही जड नव्हते.

संध्याकाळी गुंताबाई ओट्यावर आली. "चार दिन दे माले," ती म्हणाली. "तिले मी काढस. पिल्ला लिसन ती आपापली जाई."

"कशी काढशीन? वाघीन हाये ती, बकरी नाही."

"पानीघाई."

मग तिने समजावून सांगितलं. पिल्लं कोरड्यात ठेवलेली आहेत. ओल आली की आई पिल्लू हलवते, मांजर हलवते तसं. गावाकडच्या बाजूने रोज थोड्या ओळी भिजवायच्या. हळूहळू, कालवा न करता. नाल्याकडची बाजू कोरडी ठेवायची आणि तिथलं काट्याचं कुंपण काढून वाट मोकळी करायची, जिथे पूर्वी देव होता बरोबर तिथे. "तिले घाबराडनं नही. फक्त आठे जमावाव नही इतलं समजाडनं."

"अन् तिनं कोनाले धरलं तं?"

गुंताबाईची लेक दिवाली लग्न होऊन गेली होती, वरच्या पाड्यावरचं तिचं घर केव्हाच पडलं होतं. नऊ वर्षांत या बागेतली झोपडी हेच तिचं घर झालं होतं. "कोनले नख बी लागनं ना," ती म्हणाली, "तर आखाजीले माले साल इचारू नको. मी मन्ह्या बकऱ्या लिसन चालनी जासू."

पाणी मोजकं होतं. लाइट सकाळी सहा ते दुपारी दोन एवढीच. पिलबागेला चार दिवस पाणी द्यायचं तर नव्या कांदेबागेचं, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या कोवळ्या केळीचं, पाणी तोडायचं, आणि त्या उन्हात चार दिवस पाणी तोडणं म्हणजे काय ते बागाईतदारालाच माहीत. नानांनी तोडलं. आपण हे का केलं, ते त्यांना पुढेही नीट सांगता आलं नाही.

पहिल्या दिवशी गुंताबाई फावडं घेऊन एकटी आत गेली. बाहेर तिचा आवाज येत होता. नेहमीसारखीच बोलत होती, फक्त आज आपल्या पाड्याच्या पावरी बोलीत. नाना बांधावर उभे राहून त्या आवाजाला कान लावून होते. आवाज थांबला की त्यांचा श्वास थांबायचा. बारा ओळी भिजवून ती बाहेर आली आणि तिने चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी आतून गुरगुर ऐकू आली. जमिनीतून यावी तशी, पोटात जाणारी. गुंताबाईचा आवाज एक क्षण थांबला. मग पुन्हा सुरू झाला, तितकाच शांत, आणि हळूहळू मागे मागे सरकत बाहेर आला. आवाजामागोमाग ती. कपाळावर घाम होता. "दहा पावलंवर व्हती," ती म्हणाली. "मी बोलनू, मी पानी देवाले येल शे, तुन्हा पोरेसले हात लावाव नही. आइकनी बिचारी." आणि बांधावर बसून ती एका दमात दोन तांबे पाणी प्यायली. नानांना तेव्हा कळलं की ही बाईसुद्धा घाबरते. घाबरते आणि जाते. त्यांना एकदम भरून आलं.

तिसऱ्या दिवशी नाना तिच्याबरोबर आत गेले. शूर होते म्हणून नव्हे. बाहेर उभं राहणं त्यांना सोसेना. गुंताबाई पुढे, नाना मागे, आणि मागे म्हणजे अक्षरशः पाठीला पाठ लावून, मागच्या ओळींवर नजर ठेवून उलटे चालत. बाहेरही चार दिवस नानांनी त्या बागेला एकदाही पाठ दाखवली नाही. विहिरीवर जाताना उलटे, लघवीला जाताना उलटे. इंदिराबाईंना हसू आवरेना. गुंताबाई म्हणाली, "नाना, डोया मांगे बी लागनात तुले?"

आणि या तीन दिवसांत नानांना ते तीन शब्द आठवले नाहीत असं नाही. दुसऱ्या दिवशीच आठवले. पण त्यांनी अभिमनला जाऊन नको म्हटलं नाही. मनाच्या एका कोपऱ्यात त्यांनी ते राखून ठेवले. गुंताबाईचं जमलं तर उत्तमच. नाही जमलं तर अभिमन आहेच. माणूस हुशार असला की असाच वागतो.

चौथ्या दिवशी, उजाडल्यावर थोड्याच वेळात, नाना आणि गुंताबाई विहिरीच्या ओट्याजवळ उभे असताना केळीची पानं हलली. बिबट्याची मादी दोन ओळींच्या मधून बाहेर आली. तोंडात पिल्लू. पिल्लाचे पाय लोंबत होते. ती थांबली, तिने मान न वळवता नुसते डोळे फिरवून या दोघांकडे पाहिलं, आणि मग नाल्याच्या दिशेने, कुंपणाच्या त्या मोकळ्या जागेतून निघून गेली. इतकी सावकाश, की तिच्या अंगावरचा एकेक ठिपका नानांना मोजता आला असता. आपल्या पन्नास वर्षांच्या आयुष्यात इतकं देखणं काही आपण पाहिलं नव्हतं, हे त्यांना तिथल्या तिथे समजलं.

"आते दुसऱ्याकर्ता परत ई," गुंताबाई म्हणाली.

तेवढ्यात नाल्यावर कावळे उतरताना दिसले. एक, दोन, मग दहाबारा. गुंताबाईने कपाळाला हात लावून पाहिलं. "तठे काय पडेल शे?"

नानांना जाऊन पाहायची गरज नव्हती. अभिमनने काल तिन्हीसांजेला आपलं काम केलं होतं. बरोबर वाटेवर, जिथून ती पिल्लू घेऊन गेली आणि जिथून ती परत येणार होती.

ते गप्प राहू शकले असते. मला माहीत नव्हतं, असं म्हणू शकले असते. कुणी विचारलंही नसतं. पण ते म्हणाले, "गुंताबाई, बकरी हाये तिथी. औषध टाकेल. अभिमननं ठेवली. मीच त्याले हो म्हनेल होतो, पहिल्या दिशी."

गुंताबाईने त्यांच्याकडे पाहिलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा ही बाई काही बोलली नाही. मग तिने फावडं टाकलं, लुगड्याचा कासोटा घट्ट केला आणि नाल्याकडे चालू लागली, जिकडे वाघीण नुकतीच गेली होती तिकडे. आणि आज ती बोलत नव्हती. नानांना त्याचीच जास्त भीती वाटली.

बकरी फुगलेली होती, पण तोंड लावलेलं नव्हतं. गुंताबाईने मागचे दोन पाय धरले आणि ओढू लागली. बकरी जड, चढ उभा. पलीकडच्या काठावर करवंदीच्या जाळीत काहीतरी हललं. गुंताबाईने मान वर केली नाही. ती ओढतच राहिली.

नाना बघत होते. आजन्म माळकरी माणूस, घरात अंडंही शिरलेलं नाही. मग ते खाली उतरले, बकरीचे पुढचे पाय धरले आणि डोळे मिटून जोर लावला. दोघांनी मिळून ती वर आणली, कुंपणाबाहेरच्या शेणखताच्या रिकाम्या खड्ड्यात टाकली, वर कमरेइतकी माती ओढली आणि काटे रचले. नानांनी हात धुतले, पुन्हा धुतले, मग ओकले.

"आते बठ," इतक्या वेळाने गुंताबाई बोलली, आणि नानांना वाटलं आपण सुटलो. "आपला वास पसरी गया. ती लवकर येवाव नही." तिने पाणी बंद करायला लावलं. ढिगापासून ओल तीनच ओळींवर आली होती आणि एकटं पिल्लू तिला भिजू द्यायचं नव्हतं. दोघं विहिरीच्या ओट्यापाशी बसली. मधून पिल्लाचा बारीक आवाज येत होता. दुपार झाली, फरशी तापली, नानांच्या घशाला कोरड पडली. गुंताबाई अधूनमधून बागेकडे तोंड करून हाक दिल्यासारखी बोलायची, "आम्ही आठे बठेल शेतस व माय! तू तुन्हं काम कर!" आपण कुठे आहोत हे त्या आईला कळावं म्हणून.

चारच्या सुमाराला पानं हलली. या वेळी ती दिसली नाही, फक्त पिल्लाचा आवाज मध्येच थांबला, आणि थोड्या वेळाने नाल्यावरच्या दगडांचा खडखडाट ऐकू आला. गुंताबाई उठली, पिलबागेत गेली आणि झुलालचं उपरणं घेऊन बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी टोळी आली. झुलालने विचारलं, "पहिले कोन शिरीन?" गुंताबाई बोलत बोलत आत शिरली आणि तिच्या मागोमाग चौदा माणसं बोलत, खोकत, गाणी म्हणत शिरली. त्या दिवशी त्या बागेत इतका आवाज झाला की रस्त्यावरून जाणाऱ्यांना लग्न वाटलं. तिन्हीसांजेपर्यंत चुन्याचं बोट लावलेला प्रत्येक घड गाड्यांत होता. कुणाला काटासुद्धा लागला नव्हता. कांदेबागेची पानं मात्र कडेने करपली होती, ती करपलीच.

आखाजीच्या दिवशी सालदार मालकाच्या घरी पुरणपोळी आणि आंब्याचा रस जेवतो आणि मालक त्याला पुढचं साल विचारतो, अशी रीत. सकाळीच नाना पहार घेऊन विहिरीवर आले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने फरशी फोडली. "चाल गुंताबाई. देव नाल्यावर नेऊन ठेवू. चुकलं माहं."

गुंताबाईने एक दगड उचलला. नानांनी दुसरा उचलला. पण ती नाल्याकडे वळली नाही. बाग ओलांडून ती गावाकडच्या टोकाला निघाली. तिथे तिची झोपडी होती, आणि झोपडीच्या पलीकडे गावात जाणारी गाडीवाट. झोपडीही मागे टाकून ती वाटेच्या कडेला थांबली.

"इथी?" नाना चक्रावले. "नाला तं तिकडं राह्यला."

"नाला आते शीव नही, नाना. ती पोरे केळीमा जनमनीत. त्यासले हाईच रान. ती मोठी व्हतीन, आठेच येतीन. तू कितला बी हाकल." तिने दगड टेकवला आणि त्याचं तोंड बागेकडे केलं. "बागमा आपण बी जासूत, ती बी ई. आवाज करीसन जासूत. आठून तिकडे गाव. तठे तिनी जावानं नही."

नानांनी दगडाकडे पाहिलं, बागेकडे पाहिलं, मग झोपडीकडे. त्यांच्या लक्षात आलं. "अवं, पन तुही झोपडी तं वाघाच्या बाजूले राह्यली!"

गुंताबाईने कपाळावरचा घाम पुसला आणि डोंगराकडे पाहिलं.

"मी बी वरथूनच उतरेल शे ना, नाना," ती म्हणाली. "मी तरी कोठे जासू?"

नानांचे डोळे भरले होते ते त्यांनी लपवलेही नाहीत. त्यांनी पहार उचलली आणि तिने दाखवलं तिथे खड्डा खणला. दगड रोवले, शेंदूर लागला, नारळ फुटला. मग नाना घरी गेले, आणि रीत मोडून, पुरणपोळीचा डबा आणि रसाची बरणी घेऊन इंदिराबाईंसह झोपडीवर परत आले. गुंताबाईने केळीची तीन पानं कापून आणली. नानांनी आपलं पान झोपडीच्या अंगणात मांडलं, साल विचारायचं होतं ते विचारलं, तिने मान हलवली, आणि नाना बागेकडे पाठ करून जेवायला बसले.